पाणी दुपारी येतं: स्पितीतल्या एका उन्हाळ्याचं प्रकरण

"बाई, उन्हाळ्यात हिमालयात शिकवायला जायचंय, कसं जायचं?" डी.एल.एड.ची, म्हणजे शिक्षक-पदविकेची पोरं-पोरी हे मला आता नेमानं विचारतात. फोनवर सांगायला बसलं की पाऊण तास जातो आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. यात प्रवासाची हकीकत बरीच आहे. ती गाळता येत नाही, कारण मला जे कळायला हवं होतं ते वाटेतच एका नाल्यानं सांगितलं होतं आणि मी ते तीन आठवडे पिशवीत तसंच ठेवून दिलं.

आधी माझ्याबद्दल थोडं. सांगोला तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळेत. 2023 ला निवृत्त झाले. पुढच्या वर्षी एका मंडळाच्या ओळखीनं हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत, तिथलं मुख्य ठाणं काझा, त्याच्या वरच्या एका गावात जून ते सप्टेंबरचा पहिला आठवडा एवढा काळ राहिले. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही. गाव साधारण 4,400 मीटरवर, वीसेक घरांचं. प्राथमिक शाळेचा पट अकरा. मंडळाची कल्पना अशी की शाळेला हात न लावता, शाळेच्या वेळेआधी आणि नंतर जादा वर्ग घ्यायचा. हिंदी वाचन, गणित, आणि पाचवीच्या मुलांची नवोदयची तयारी. नवोदय विद्यालय त्या जिल्ह्यात लारीला आहे. सहावीला तिथं नंबर लागला की राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक आईच्या तोंडी लारीचं नाव.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर येतं. स्पिती हे थंड वाळवंट. पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवर रिकामे होतात, पलीकडे उरतो करडा-तपकिरी डोंगर, दगडगोटे आणि धूळ. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची वाट बघत म्हातारी झालेल्या माणदेशी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की आमच्याकडे पाणी आभाळातून येत नाही तेव्हा टँकरनं येतं, आणि तिथं ते वरच्या बर्फातून येतं. लाहौल-स्पिती जिल्हा सोलापूर जिल्ह्यापेक्षा थोडाच लहान आहे. पण 2011 च्या जनगणनेत सोलापूरची माणसं 43 लाखांवर आणि तिथली 31,564. आमच्या एका मोठ्या गावची जत्रा एवढी भरते.

वाट

आदल्या वर्षी याच मंडळाची दोन पोरं गेली होती. वेळ वाचवायचा म्हणून मनालीवरून गेली. अटल बोगदा 2020 मध्ये झाल्यापासून रोहतांग खिंड टळते, पण पुढे कुंजुम खिंड आहेच, साडेचार हजार मीटरच्या वर. मनाली दोन हजार मीटरवर. म्हणजे सकाळी दोन हजारावर चहा घेऊन संध्याकाळी काझाला, साडेतीन हजाराच्या वर, अंथरूण टाकायचं. एका पोराला पहिल्याच रात्री डोकं फुटेल असं झालं, ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्यानं दोन दिवस त्याची उस्तवार केली आणि तिसऱ्या दिवशी दोघं खाली उतरले. गावात पाऊलही न टाकता. त्यांना मी हसत नाही. उंचीचा त्रास तब्येत, वय, व्यायाम काही बघत नाही, धडधाकट पोराला होतो आणि विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला होत नाही.

मी साठीला टेकलेली, रक्तदाबाची गोळी चालू. सांगोल्याच्या डॉक्टरांनी आधी "कशाला जाताय?" विचारलं, मग तपासण्या केल्या आणि एक नियम कागदावर लिहून दिला: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर कालच्या मुक्कामापेक्षा आजचा मुक्काम पाचशे मीटरहून जास्त उंच नको. सल्फाची ॲलर्जी आहे का, तेही विचारून घेतलं, कारण उंचीसाठी देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी त्यात चालत नाही. त्या एका कागदावरून माझी वाट ठरली. शेजारच्या किन्नौर जिल्ह्याकडून जायचं. लांबचा रस्ता, पण पायरी-पायरीनं चढणारा.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं अंबाला. तिथून कालका, आणि कालक्याहून ती लहान गाडी. 1903 पासून धावते, 96 किलोमीटरला शंभरावर बोगदे. प्रत्येक बोगद्यात डब्यातली कॉलेजची पोरं ओरडायची, आणि दहाव्या बोगद्यानंतर मीही ओरडले. शिमल्यात दोन रात्री. मग हिमाचल परिवहनच्या बसनं रामपूरवरून सतलजच्या काठाकाठानं रिकांगपिओ. या बसबद्दल एवढंच सांगते की खिडकीची जागा डाव्या बाजूची घेऊ नये आणि उजव्या बाजूचीही घेऊ नये. पिओला दोन रात्री. समोर किन्नर कैलास, मागे सफरचंदाच्या बागा. इथपर्यंत सगळं हिरवं.

पिओहून काझाची बस पहाटे निघते. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून रस्ता वळणं घेत नाकोकडे चढतो आणि झाडं हळूहळू संपतात. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ताबोची. तिनं माझ्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाखली आणि मला जवाचं सत्तू दिलं. तिला पोहोचण्याची घाई होती. सारखी घड्याळ बघायची आणि ड्रायव्हरला ओरडायची, "भाई, बारह से पहले!" मला वाटलं, घरी कुणी आजारी असेल.

नाकोच्या पुढं एका नाल्यावर बस थांबली तेव्हा दोन वाजले होते. वाटेत एका ठिकाणी दरड काढण्यात वेळ गेला होता. नाला रस्त्यावरून वाहत होता. गढूळ पाणी, आणि त्यात दगड घरंगळल्याचा आवाज. पाऊस म्हणाल तर आभाळात ढगाचं नाव नाही. मी कंडक्टरला विचारलं, "पाऊस नाही तर पूर कुठून आला?" त्यानं वर बोट दाखवलं. "धूप निकली न मैडम जी. सुबह तक उतर जाएगा." सकाळी ऊन पडतं, वर बर्फ वितळायला लागतं, ते पाणी खाली यायला दुपार होते. म्हणून नाले सकाळी घोट्याइतके आणि दुपारी छातीइतके. इथले ड्रायव्हर घड्याळ लावतात ते या पाण्यावर.

आम्ही मागच्या गावात रात्र काढली. पहाटे सामान डोक्यावर घेऊन दगडांवरून पलीकडे गेलो, तिथं काझाकडून आलेली बस उभी होती. याला तिकडे 'ट्रान्सशिपमेंट' म्हणतात, आणि आजीबाईसुद्धा हा शब्द चहा म्हटल्यासारखा म्हणतात. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "नाला दुपारी चढतो, सकाळी उतरतो. गंमत." गंमत म्हणून लिहिलं आणि वही मिटली.

ताबोला दोन रात्री राहिले. 996 सालचा मातीचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आत अंधारात भिंतभर चित्रं. हिमालयातलं अजिंठा म्हणतात त्याला. मला अजिंठा आठवला नाही, आमच्या गावचा जुना वाडा आठवला. तशाच जाड मातीच्या भिंती, तसाच आतला गारवा. मग काझाला चार रात्री, कारण पुढची एक चढण डॉक्टरांच्या पाचशे मीटरहून मोठी होती, आणि तिथून गावात. सांगोल्याहून निघाल्यापासून चौदावा दिवस. डोकं थोडं जड होतं, बाकी काही नाही. प्रवासापुरती मी हुशार ठरले.

पहिले तीन आठवडे

जिच्या घरी राहत होते ती माझ्याहून वयानं बरीच लहान, पण मी तिला सगळ्यांसारखी 'अमा' म्हणजे आई म्हणायला लागले. घरात तिचा सासरा, त्याला सगळे 'मेमे' म्हणजे आजोबा म्हणत. आणि तिची भाची. बारावी करून काझाहून परत आलेली, पुढं काय ते न ठरलेली. ही मुलगी लक्षात ठेवा.

संसाराच्या गोष्टी लवकर जमल्या. तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाताखाली खडे लागले, कारण त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय डाळ विसरायची. कोरडा संडास, वर माती टाकायची, वर्षानं त्याचं खत शेतात. त्याची मला किळस वाटली नाही, उलट आमच्या तालुक्यात हे का नाही असं वाटलं. आंघोळ आठवड्यातून एकदा, आणि तेवढी पुरते.

वर्गाची वेळ मी ठरवली. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. सकाळी डोकं ताजं असतं हे एकतीस वर्षं सांगत आले होते. जागा अमाच्या घराची वरची खोली. पहिल्या दिवशी अकरापैकी नऊ मुलं आली. नवी मैडम जी बघायला आली होती. चौथ्या दिवशी पाच. दुसऱ्या आठवड्यात कधी तीन, कधी चार, आणि आलेली पेंगायची. पाचवीतला जो मोठा मुलगा होता, ज्याच्यासाठी मुख्यतः नवोदयचा घाट घातला होता, तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा भिंतीला डोकं टेकून झोपायचा.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहिते. आधी गोष्टी सांगितल्या. मग गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवले. मग घरोघर गेले. घरी गेले की चहा मिळायचा, लोणी-मिठाचा, आणि "हाँ हाँ मैडम जी, भेजेंगे" मिळायचं. ते काही खोटं बोलत नव्हते. पाठवायची त्यांची इच्छा होतीच. मला मात्र वाटायला लागलं की या लोकांना शिक्षणाची कदर नाही. वहीत तसं वाक्य आहे, तारखेसह. आज वाचताना लाज वाटते, म्हणून मुद्दाम सांगते.

मुलं मठ्ठ नव्हती, याचा पुरावा रोज समोर होता. गावात उन्हाळ्यात पर्यटक येतात. त्या भागातल्या शेलच्या दगडांत अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, आपल्याकडे शाळिग्राम म्हणून पूजतात ते. इतक्या उंचीवर, समुद्राचे शंख. टेथिस समुद्र ज्याला म्हणतात त्याचा तळ वर उचलला गेला, त्यातले ते प्राणी. तिसरीतली एक मुलगी पर्यटकांशी त्या दगडांची घासाघीस अशी करायची की मी सांगोल्याच्या बाजारात शरमून गेले असते. (जीवाश्म विकू नयेत हे मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि विकत राहिली.) पाचशेतून दोनशे ऐंशी वजा करून सुटे परत देणारी ही पोर पाटीवर 500 – 280 मांडताना गडबडायची.

गडबड कुठं होते ते मात्र लवकर सापडलं. मुलांची घरची भाषा भोटी, पुस्तक हिंदी. हिंदीतले उनतीस, उनतालीस, उनचास त्यांच्या डोक्यात एकमेकांवर आपटायचे. भोटीत अकरा म्हणजे चु-चिक, दहा-एक. तीस म्हणजे सुम-चु, तीन-दहा. आकडा लिहितो तसाच बोलतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकरांच्या समितीनं जोडाक्षरं आणि उलट क्रमाचा मुलांना होणारा त्रास ओळखून ते केलं होतं. मी त्या वेळी स्टाफरूममध्ये त्या बदलाची टिंगल करणाऱ्यांत होते. आणि इथं मी मुलांकडून आधी भोटीत आकडा म्हणून घेत होते, मग लिहून घेत होते, मग हिंदीत. तीन-चार दिवसांत वजाबाकी सुटायला लागली. जी तीन-चार मुलं येत होती त्यांची.

मेमे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या पाचवीतल्या मुलाला बोलले. चांगलीच बोलले. "झोपायचं असेल तर घरी झोप." तो उठला, चप्पल घातली आणि घरी गेला.

रात्री जेवताना मेमेनं विषय काढला. त्याला हिंदी बेताचं. "मैडम जी, उसका रात को पानी था."

गावाला पाणी वरच्या बर्फातून येतं. लोकांनी कूल्ह खणून, म्हणजे डोंगराच्या कडेनं पाट काढून, ते किलोमीटर-किलोमीटर अंतरावरून आणलंय. ऊन चढल्यावर वर बर्फ वितळतं, गावापर्यंत पाणी पोहोचतं दुपारनंतर. संध्याकाळी ते सर्वांत जास्त. रात्री उरलेलं तळ्यात साठवतात आणि उजाडताना शेतात सोडतात. म्हणजे राबता दोन वेळेला: दुपारपासून अंधार पडेपर्यंत, आणि पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत. मोठी माणसं दारं धरतात, मुलं पाटावर ठिकठिकाणी उभी राहतात, कुठं फुटलं तर मातीचा ढेकूळ लावायला, कुणी पाणी वळवलं तर ओरडायला.

सात ते नऊ आणि साडेचार ते साडेसहा. अख्ख्या दिवसातून मी नेमक्या त्याच दोन वेळा उचलल्या होत्या.

त्या मुलाचं आणखी एक होतं. पाण्याचे हक्क गावातल्या जुन्या मोठ्या घरांचे, ज्यांना खांगछेन म्हणतात. परंपरेनं घर आणि जमीन थोरल्याला, आणि तिच्याबरोबर पाणीही. धाकट्यांच्या लहान घरांना मोठ्यांशी जुळवून घ्यावं लागतं. या मुलाचं घर लहान. त्यांची पाळी सगळ्यांची झाल्यावर, आणि बदल्यात मोठ्या घराच्या शेतावर काम. म्हणजे ज्याला माझ्या वर्गाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वेळेवर माझा वर्ग सर्वांत जास्त बसला होता. मोठ्या घरची मुलं नियमित यायची. मी त्यांना वहीत 'होतकरू' लिहिलं होतं.

मला नाला आठवला. "गंमत" लिहिलेलं पान उघडलं. ड्रायव्हर ज्या पाण्याकडे बघून गाडी काढतो त्याच पाण्याकडे बघून गाव पोरं कामाला लावतं, एवढी साधी जोड मी घातली नव्हती. बरं, हे काही मला परकं नव्हतं. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की माझा वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. हंगामी वसतिगृहासाठी याद्या केल्यात मी, पालकांच्या पाया पडलेय. डाळिंबाच्या तोडणीला पोरं गैरहजर असायची तेव्हा बागेत जाऊन पाढे घेतलेत. सांगोल्यात ठाऊक असलेलं सगळं मी घरी ठेवून गेले होते, कारण 'उन्हाळी वर्ग' हा शब्द कानाला सुट्टीसारखा लागतो. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे शेत रिकामं, शाळा बंद, पोरं मोकळी. तिथं बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम पाच महिने, आणि वर्षाचं पोट त्यातच भरायचं. बाहेरच्या माणसाला जेव्हा यायला सोयीचं, तेव्हा गावाला क्षणाची उसंत नसते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाकडे गेले. माफी वगैरे मागायला जमलं नाही, आपल्या पेशात ती सवय नसते. त्याच्याबरोबर पाटावर उभी राहिले. त्यानं मला ढेकूळ कुठला लावायचा ते दाखवलं, माझा पहिला ढेकूळ वाहून गेला, आणि तो मोठ्यानं हसला.

मटर

वेळ बदलली. शाळेच्या गुरुजींनी दुपारच्या आधीचे दोन तास गणिताला मला दिले. ते एकटेच पाच इयत्ता सांभाळत होते, त्यांना हातभार हवाच होता. जादा वर्ग रात्री जेवणानंतर, स्वयंपाकघरात, शेगडीभोवती, तासभर. त्या खोलीत ऊब असते म्हणून आयाही बसायच्या, लोकर कातत. पहिल्याच रात्री आठ मुलं.

ऑगस्टमध्ये मटर काढायला आला आणि रात्रीचा वर्गही अवघड झाला. हिरवा मटर हे स्पितीचं नगदी पीक. मैदानात त्या दिवसांत मटर नसतो, म्हणून इथल्या शेंगांना दूरच्या मंड्यांपर्यंत भाव मिळतो. पण शेंग दोन दिवस जास्त राहिली की भरते, कडक होते, भाव पडतो. म्हणून सगळं गाव शेतात, सहा वर्षांच्या पोरापासून मेमेपर्यंत. पिकअप गाड्या बांधावर उभ्या.

मी पाटी-पुस्तक बंद केलं आणि शेतात गेले. बोरीत किती किलो, काट्यावर किती, ओल म्हणून किती कापलं, आडत किती टक्के, गाडीभाडं वजा जाता हातात किती. नवोदयच्या अंकगणितात वजन-मापं, पैशांचे हिशेब, नफा-तोटा असतंच, ते सगळं इथं बोरीत भरलेलं होतं. पाचवीतल्या मुलानं पहिल्या आठवड्यात वडिलांच्या तीन पावत्या तपासल्या. एकीत बेरजेची चूक निघाली. ती व्यापाऱ्याच्या बाजूनं होती की यांच्या, हे विचारू नका. यांच्या बाजूनं होती, आणि वडिलांनी पोराला गप्प बसवलं. त्या संध्याकाळी नीतिशिक्षणाचा तास मी घेतला नाही.

भाची मात्र या सगळ्यात पुढं आली. मला भोटी येत नव्हती आणि माझं सोलापुरी हिंदी मुलांना निम्मं कळायचं ("पाणी सांडलं" याचं मी "पानी सांड गया" केलं आणि वर्ग बैल शोधायला लागला). मधली दुभाषी ती. बघता बघता शिकवू ती लागली आणि मी तिची मदतनीस झाले. अर्धा महिना मी मुलांना जेवढं दिलं त्याहून जास्त वेळ तिला दिला: पाच इयत्ता एका खोलीत कशा बसवायच्या, एकाला काम देऊन दुसऱ्याकडे कसं वळायचं, वाचता न येणाऱ्याला चारचौघांत उघडं न पाडता कसं ओळखायचं. हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, तिला पंधरा दिवसांत द्यायचं होतं. तिची एक सवय मला शेवटपर्यंत मोडता आली नाही. उत्तर चुकलं की ती हसायची. पण मुलंही तिला हसायची, त्यामुळं ते चालून गेलं.

नंतर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच वाटेनं उतरले. नाले या वेळी सकाळी ओलांडले.

भाचीनं डिसेंबरपासून वर्ग घेतला. हिवाळ्यात शेतीचं काम शून्य, अख्खं घर एका तापलेल्या खोलीत, मुलं हाताशी. उन्हाळ्यात मला जे तास ओरबाडून मिळाले ते तिला सहज मिळाले. पाच आठवडे रोज वर्ग झाला. मग ती एका परीक्षेसाठी शिमल्याला गेली आणि वर्ग थांबला. परत आल्यावर पुन्हा सुरू, पण आठवड्यातून तीन दिवस. मंडळानं तिला मानधन द्यावं असं मी सुचवलं. मंडळाकडे स्वयंसेवकांच्या प्रवासाला पैसे होते, स्थानिक मुलीच्या मानधनाला तरतूद नव्हती. माझ्या येण्याजाण्याच्या खर्चात तिचा एक हिवाळा सहज निघाला असता. हा हिशेब मी त्यांना लिहून दिलाय, अजून उत्तर नाही.

पाचवीतला मुलगा लारीला लागला. त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी रडले, मैत्रिणींना पेढे वाटले. मग जूनमध्ये भाचीनं पट सांगितला. अकराचे सात झाले होते. एक लारीला. मोठ्या घरच्या दोघी बहिणी काझाच्या वसतिगृहात, कारण आता त्यांना हिंदी नीट वाचता येतं, मग गावात कशाला ठेवायचं. आणि एक मेमेचा धाकटा नातू, कर्नाटकात मुंडगोडच्या मठात. त्याच्या गावाहून तीन हजार किलोमीटर असेल, माझ्या गावाहून एका दिवसाची बस. भेटायला जाऊन आले. त्यानं मला चु-चिक, चु-ञी करत शंभरपर्यंत म्हणून दाखवलं.

पट घटत गेला की लहान शाळा दुसरीकडे जोडतात, हे गुरुजींना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, हिमाचलात झालंय, आपल्याकडेही झालंय. चांगलं शिकवलं की मुलं गाव सोडतात, आणि मुलं गेली की शाळा जाते. याचं उत्तर माझ्याकडे नाही. फोन करणाऱ्या पोरांना मी हा आकडाही सांगते, सात, आणि मग ती गप्प होतात.

परवा भाचीशी बोलले. मटरचा भाव बरा आहे, मेमेचे गुडघे दुखतात, पर्यटकांनी कूल्हमध्ये चिप्सच्या पिशव्या टाकल्यानं पाणी दोनदा तुंबलं. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात येऊ का? ती म्हणाली, "गर्मी में मत आओ मैडम जी, टाइम नहीं है किसी के पास. जनवरी में आओ."

जानेवारीत कुंजुम बंद असतो, पण किन्नौरकडून काझापर्यंत बर्फ फार नसेल तेव्हा गाडी येते. पुढं चालत. डॉक्टरांकडे बुधवारी जाणार आहे. त्यांना अजून महिना सांगितलेला नाही.